आकडा जुळला म्हणून मार्क जुळत नाहीत

पत्र

स.न.वि.वि.

मी कसबा बावड्यात राहते. मे अटेम्प्टला सीए इंटरचे (चार्टर्ड अकाउंटंटच्या मधल्या परीक्षेचे) दोन्ही ग्रुप दिले. टॅक्सेशनचा पेपर सुटला आणि केंद्राच्या गेटाबाहेरच पहिल्या, सक्तीच्या १५ मार्कांच्या गणितावरून वाद सुरू झाला. प्रश्न थोडक्यात असा होता: ४६ वर्षांची निवासी व्यक्ती, मागील वर्ष २०२५-२६, डीफॉल्ट (म्हणजे नव्या) करपद्धतीने एकूण उत्पन्न आणि कर काढा. ढोबळ पगार ९,४५,०००. व्यवसाय कर भरला २,५००. राजारामपुरीतला फ्लॅट भाड्याने दिलाय, वर्षाचं भाडं १,८०,०००, घरफाळा भरला २०,०००, कर्जाचं व्याज १,९०,०००. लिस्टेड शेअरवरचा दीर्घ मुदतीचा नफा २,०५,०००, एसटीटी (शेअर-व्यवहारावरचा कर) भरलेला. एफडीचं व्याज १,१५,०००. ऊसशेतीचं निव्वळ उत्पन्न ३,००,०००. पीपीएफमध्ये भरले १,५०,०००.

माझं उत्तर ७०,४६० आलं. आमच्या आठ जणांच्या ग्रुपवर पाच जणांचं १०,४००, एकाचं ८,०६० आणि एकीचं १,२८,८००. रात्री साडेअकरापर्यंत मेसेज चालू होते. माझे पंधराच्या पंधरा गेले असं सगळ्यांचं मत पडलं. झोप लागली नाही, त्यात पुढचा कॉस्टिंगचा पेपरही बिघडला. टॅक्स गेला असं धरून सप्टेंबरची तयारी सुरू करू का? १०,४०० वाल्यांपैकी एकाने पायऱ्या लिहून पाठवल्या होत्या, ते पान सोबत जोडते, माझंही जोडते. एमसीक्यूतल्या (पर्याय निवडायच्या प्रश्नांतल्या) ग्रॅच्युइटीवरूनही असाच वाद आहे, आकडे पानामागे लिहिलेत: माझं करपात्र १,५०,०००, मैत्रिणीचं ३,००,०००.

ता.क. शिरोळचा मित्र म्हणतो, उसाऐवजी गूळ विकला असता तरी सगळं शेती उत्पन्नच धरायचं. खरं आहे का?

उत्तर

तुझं ७०,४६० चूक आहे आणि १०,४०० बरोबर आहे. एवढं आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. पण पंधरा मार्क गेलेले नाहीत. तुझं पान पायरीपायरीने तपासलं, तर त्यात एकच जागा चुकली आहे. आणि तुझ्या मित्राचं जे १०,४०० वालं पान तू जोडलंयस, त्यात दोन जागा चुकल्या आहेत. उत्तर बरोबर येऊनही त्याचे मार्क तुझ्यापेक्षा कमी भरण्याचीच शक्यता जास्त. हे कसं, ते गणित मांडल्याशिवाय पटणार नाही.

पगारातून प्रमाणित वजावट ७५,००० गेली की ८,७०,००० राहतात. व्यवसाय कराचे २,५०० डीफॉल्ट पद्धतीत वजा होत नाहीत. फ्लॅटचं निव्वळ वार्षिक मूल्य १,८०,००० वजा घरफाळा २०,०००, म्हणजे १,६०,०००. त्यातून ३० टक्के, ४८,०००, आणि व्याज १,९०,००० गेलं की ७८,००० तोटा. भाड्याने दिलेल्या घराचं व्याज इथे मिळतं, त्यामुळे तोटा निघतो हे खरं. पण कलम ११५बीएसी मध्ये, म्हणजे डीफॉल्ट पद्धतीत, हा तोटा पगारातून किंवा व्याजातून वळता करता येत नाही. म्हणून या सदराखाली शून्य. शेअरचा नफा २,०५,००० पूर्ण एकूण उत्पन्नात येतो. सव्वा लाखाची सवलत फक्त कराच्या हिशेबात आहे, उत्पन्न तेवढ्याने कमी होत नाही. व्याज १,१५,०००. पीपीएफची ८०सी वजावट नाही. एकूण उत्पन्न ११,९०,०००.

आता कर. स्लॅबने कर लागणारं उत्पन्न ९,८५,०००, नफ्याचे २,०५,००० बाजूला. शेती उत्पन्न ५,००० च्या वर आणि बाकीचं उत्पन्न मूळ सवलतीच्या ४ लाखांच्या वर, दोन्ही अटी पुऱ्या, म्हणून आंशिक एकत्रीकरण, म्हणजे दर ठरवण्यापुरतं शेती उत्पन्न मिळवायचं:

९,८५,००० + ३,००,००० = १२,८५,००० वर कर: २०,००० + ४०,००० + १२,७५० = ७२,७५०
४,००,००० + ३,००,००० = ७,००,००० वर कर: १५,०००
फरक: ५७,७५०
नफ्यावर कलम ११२ए प्रमाणे (२,०५,००० − १,२५,०००) च्या १२.५ टक्के: १०,०००
एकूण ६७,७५०

कलम ८७ए ची सूट: एकूण उत्पन्न ११,९०,०००, बारा लाखांच्या आत, म्हणून मिळते. मर्यादा ६०,०००, पण स्लॅबने आलेल्या करापेक्षा जास्त नाही, म्हणून ५७,७५०. उरले १०,०००, त्यावर ४ टक्के सेस ४००. देय १०,४००.

तुझ्या पानावर ६७,७५० पर्यंत सगळं हेच आहे. पुढे तू सूट तपासताना लिहिलंयस, “एकूण उत्पन्न १४,९०,०००, बारा लाखांपेक्षा जास्त, सूट नाही.” हे १४,९०,००० कुठून आले? शेतीचे तीन लाख तू एकूण उत्पन्नात मिळवलेस. शेती उत्पन्न कलम १०(१) खाली करमुक्त आहे. एकूण उत्पन्नात ते कधीच शिरत नाही. एकत्रीकरणात त्याला बोलावतात ते फक्त बाकीच्या उत्पन्नाचा दर वर ढकलायला, आणि दुसऱ्या पायरीत परत पाठवतात. बारा लाखांची कसोटी लावताना ते हिशेबातच नाही. हा घोटाळा फार जणांचा होतो आणि त्याचं कारण मांडणीत आहे: एकत्रीकरणाची बेरीज डोळ्यांसमोर ताजी असते आणि सूट लगेच पुढच्या ओळीत येते. त्यावर साधा उपाय म्हणजे ‘एकूण उत्पन्न’ या ओळीला पेनाने चौकट करायची आणि सूट तपासताना नजर फक्त त्या चौकटीवर न्यायची.

आता मित्राचं पान. त्याने व्यवसाय कर २,५०० वजा केला आणि घराचा ७८,००० तोटा पगारातून वळता केला. त्याचं स्लॅबचं उत्पन्न ९,०४,५०० झालं. शेती धरून १२,०४,५०० वर कर ६०,६७५, त्यातून १५,००० वजा, राहिले ४५,६७५. पुढे सूटही ४५,६७५. स्लॅबचा कर ६०,००० च्या आत कितीही निघाला तरी सूट तो अख्खा खाऊन टाकते आणि शेअरच्या नफ्यावरचे १०,००० तेवढे मागे राहतात. म्हणून त्याचंही १०,४००. या गणितात वरच्या निम्म्या भागात झालेल्या चुका शेवटच्या आकड्यात दिसतच नाहीत. तपासणारा मात्र वरून खाली वाचतो. व्यवसाय कर, घराचा वळता केलेला तोटा आणि त्यापायी चुकलेलं एकूण उत्पन्न ११,०९,५००, या तिन्ही ठिकाणी त्याच्या पेनला थांबावं लागणार.

ग्रुपवर पाच विरुद्ध एक असं मत मोजलंत, तिथेच गडबड झाली. पाच जणांचं १०,४०० म्हणजे पाच जणांचं गणित बरोबर, असा अर्थ निघत नाही. उरलेल्या चौघांची पानं पाहिल्याशिवाय त्यांच्यापैकी कुणाला किती मार्क पडतील यावर बोलण्यात अर्थ नाही.

८,०६० वाल्याची चूक बारीक आहे. त्याने ६७,७५० मधून सरसकट ६०,००० वजा केले. ७,७५० उरले, सेस ३१०. सूट मिळते हे त्याला कळलं, पण ११२ए च्या करावर ती चालत नाही हे निसटलं. ११२ए वर ही सूट आधीपासूनच बंद होती. वित्त कायदा २०२५ ने करनिर्धारण वर्ष २०२६-२७ पासून डीफॉल्ट पद्धतीत कुठल्याच विशेष दराच्या करावर ती चालणार नाही हे स्पष्ट केलं. या मुलाचा अर्धा मार्क जाईल, फार तर एक.

१,२८,८०० हे जुन्या पद्धतीचं उत्तर आहे, आणि जुन्या पद्धतीने अगदी बिनचूक आहे: ५०,००० प्रमाणित वजावट, व्यवसाय कर, घराचा तोटा, ८०सी, सगळं घेतलंय, शेवटी १,२८,८०४ ला कलम २८८बी प्रमाणे दहाच्या पटीत आणलंय. मेहनत तुमच्यापेक्षा जास्त, पण प्रश्नात ‘डीफॉल्ट’ लिहिलेलं वाचायचं राहिलं. तिचे खरे मार्क गेलेत. घराचा हिशेब, ११२ए चा कर आणि एकत्रीकरणाची रीत एवढ्यावर तिला काही मिळतील. ग्रुपवर तुझ्याऐवजी तिला धीर द्यायला हवा होता.

मार्कांचा अंदाज बांधायची आमची रीत अशी. हे गणित पायऱ्यांत तोड: पगार आणि प्रमाणित वजावट, व्यवसाय कर नाकारला, निव्वळ वार्षिक मूल्य, ३० टक्के आणि व्याज, तोटा वळता न करणं, शेअरचा नफा, व्याज, ८०सी नाकारली, एकूण उत्पन्न, एकत्रीकरणाच्या दोन पायऱ्या, ११२ए चा कर, सूट, सेस. तेरा-चौदा जागा होतात. प्रत्येक जागेला एक मार्क धर. तुझ्या बारा-तेरा जागा बरोबर आहेत. सेसचा आकडा चुकला तो सूट चुकली म्हणून. मागच्या पायरीची चूक पुढे वाहत आली तर तिचे मार्क सहसा पुन्हा कापत नाहीत. तरी अंदाज बांधताना हात आखडता ठेव आणि तोही एक गेला असं धर. पंधरापैकी अकरा ते तेरा, या पट्ट्यात तू आहेस.

एक गोष्ट मात्र तुझ्या पानावर खटकली. व्यवसाय कर आणि पीपीएफ तू नुसते सोडून दिलेस, त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. तपासणाऱ्याला कसं कळायचं, की तू नियम माहीत असल्याने सोडलेस की विसरलीस? “डीफॉल्ट पद्धतीत ८०सी नाही” एवढी चार शब्दांची टीप लिहायला पाच सेकंद लागतात. घराच्या तोट्याखाली तू टीप लिहिली आहेस, तिथे मार्क पक्का. त्या दोन ठिकाणी अर्धा-अर्धा जाऊ शकतो, म्हणूनच मी तेराच्या वर गेलो नाही.

८७ए च्या सुटीबद्दल एक जादा गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढच्या पेपरात तीच येण्याचा संभव आहे. एकूण उत्पन्न बारा लाखांच्या किंचित वर गेलं, तर सूट एकदम बंद होत नाही, सीमांत सवलत मिळते. समज फक्त पगार आणि व्याजाचं मिळून एकूण उत्पन्न १२,१०,००० आहे. स्लॅबने कर ६१,५००. पण बारा लाखांच्या वर गेलं किती? १०,०००. कर त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणून सूट ५१,५००, कर १०,०००, सेस धरून १०,४००. (होय, पुन्हा तोच आकडा. अशा आकड्यांवर विश्वास ठेवून रात्र घालवायची नाही ती यासाठीच.) ही सवलत साधारण १२,७०,५८८ पर्यंत चालते, त्याच्या वर स्लॅबचा करच कमी पडतो. सेस नेहमी सवलत दिल्यानंतर लावायचा. आधी लावला तर उत्तर चारशेच्या आसपास चुकतं आणि का चुकलं ते सापडत नाही.

आता ग्रॅच्युइटी. तू लिहिलेल्या आकड्यांवरून प्रश्न असा दिसतो: नोकरी २४ वर्षं ७ महिने, शेवटचा पगार महागाई भत्त्यासह ५२,०००, गेल्या दहा महिन्यांची सरासरी ५०,०००, मिळालेली ग्रॅच्युइटी ९,००,०००. तुझी रीत ग्रॅच्युइटी प्रदान कायदा १९७२ लागू असलेल्या कर्मचाऱ्याची: ५२,००० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे ३०,०००, सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरून २५ वर्षं, ७,५०,००० करमुक्त, १,५०,००० करपात्र. मैत्रिणीची रीत कायदा लागू नसलेल्याची: सरासरीचा अर्धा महिना २५,०००, फक्त पुरी झालेली २४ वर्षं, ६,००,००० करमुक्त, ३,००,००० करपात्र. दोन्ही पर्यायांत असणारच, पेपर काढणारा मुद्दाम ठेवतो. निकाल एकाच वाक्यावर लागतो: प्रश्नात कायदा लागू आहे असं म्हटलंय की नाही. दोघींपैकी ज्या कुणाला ते वाक्य आठवतंय तिचं बरोबर. गणितावर पुन्हा वाद घालू नका, दोन्ही गणितं बरोबर आहेत. डीफॉल्ट पद्धतीत ग्रॅच्युइटीची सवलत जात नाही, एवढं मात्र दोघी लक्षात ठेवा. पगाराच्या बऱ्याच सवलती गेल्या म्हणून हीही गेली असं समजून काही जण पूर्ण नऊ लाख करपात्र धरतात.

बाकी एमसीक्यूंचा अंदाज ग्रुपवर उत्तरं जुळवून बांधायचा नाही. आठवतील तेवढ्यांचे तीन गट कर: खात्री होती ते, दोन पर्यायांत अडकलेले, नुसते टोलवलेले. पहिल्यांना पूर्ण मार्क, दुसऱ्यांना निम्मे, तिसऱ्यांना चौथा हिस्सा. चुकीला उणे मार्क नाहीत, त्यामुळे टोलवलेल्याचं दुःख करायचं कारण नाही. इन्कम टॅक्सचे १५ आणि जीएसटीचे १५, असे मिळून हे ३० मार्क असतात, आणि त्यावर पास-नापास ठरण्याइतका फरक पडतो. तुम्ही आठ जणांनी अख्खी रात्र एका १५ मार्कांच्या प्रश्नावर घालवली. जीएसटीचे ५० मार्क पत्रात कुठे दिसतच नाहीत.

पेपरनंतर उत्तरं बघूच नका, असा उपदेश आम्ही करणार नाही. तो कुणी पाळत नाही. पण पुढचा पेपर बाकी असताना बघायची रीत ठरवून घ्या. पेपर चालू असताना प्रश्नपत्रिकेवर आकडे उतरवायचे नाहीत, ते नियमात बसत नाही. घरी येऊन जेवण झालं की वीस मिनिटं घ्यायची आणि एका पानावर प्रत्येक गणिताच्या फक्त मधल्या बेरजा लिहायच्या: प्रत्येक सदराचं उत्पन्न, एकूण उत्पन्न, स्लॅबचा कर, विशेष दराचा कर, सूट. शेवटचं उत्तर लिहायचंच नाही. ते पान वहीत ठेवून द्यायचं. शेवटचा पेपर झाल्यावर, ज्यानेही असंच पान लिहिलंय अशा एकाच मित्राबरोबर बसायचं आणि वरून खाली जुळवत यायचं. पहिल्यांदा फरक दिसला तिथे थांबायचं, नियम पुस्तकात काढायचा, मग पुढे. आठ जणांत हे होत नाही, कारण तिसरा माणूस आला की पायरी बाजूला राहते आणि नुसता आकडा बोलला जातो. आणि ज्याने पान लिहिलं नाही, “मला आठवतंय, माझं एवढंच आलं होतं” म्हणतो, त्याच्याशी जुळवायचं नाही. प्रश्नातला आकडाच त्याने चुकीचा आठवला असेल, तर तुमची बरोबर पायरी तुम्हीच चूक ठरवाल.

कोचिंगवाल्यांच्या उत्तरसूच्याही त्या रात्री फिरत असतात. त्या घाईत, बऱ्याचदा कुणाच्या तरी आठवणीवरून केलेल्या असतात. जुळवायचंच असेल तर इन्स्टिट्यूटची (परीक्षा घेणाऱ्या आयसीएआयची) सजेस्टेड आन्सर्स. ती निकालानंतर येतात आणि त्यात पर्यायी गृहीतकंही दिलेली असतात. प्रश्नातच खोट होती असं वाटलं, दोन अर्थ निघत होते किंवा माहिती अपुरी होती, तर त्यासाठी परीक्षा संपल्यावर ठरावीक दिवसांत इन्स्टिट्यूटला लेखी निरीक्षण पाठवायची सोय आहे. एक माणूस, एक प्रश्न, खोट कुठे ते दोन ओळींत. त्याचा उपयोग होतो, ग्रुपवर रागावण्याचा होत नाही.

सप्टेंबरचं विचारलंस. टॅक्सची तयारी आत्ता सुरू करू नकोस. पास व्हायला प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपला ३०० पैकी १५० लागतात. दोन्ही ग्रुप एकत्र दिल्यामुळे तुला आणखी एक वाट आहे, सहाही पेपरांत ४० असतील तर ६०० पैकी ३०० वरही दोन्ही ग्रुप निघतात. म्हणजे टॅक्समध्ये ५५ पडले तर ते पाच मार्क दुसऱ्या ग्रुपच्याही कामी येतात. तू जे लिहिलंयस त्यावरून काळजी करायची ती पहिल्या ग्रुपमधल्या टॅक्सची नाही. काळजी दुसऱ्या ग्रुपमधल्या कॉस्टिंगची. त्या रात्रीने ८७ए चा एक मार्क परत आणला नाही आणि कॉस्टिंगचे किती नेले ते निकालात दिसेल. तेव्हा हातातला वेळ दुसऱ्या ग्रुपला दे: रोज दोन तास कॉस्टिंग, प्रोसेस कॉस्टिंग आणि स्टँडर्ड कॉस्टिंगपासून सुरुवात, कारण ही दोन प्रकरणं हाताला सवय असल्याशिवाय होत नाहीत. पास झालीस तर हा अभ्यास फायनललाही वाया जात नाही.

उरलेल्या वेळात आयसीआयटीएसएसचे (सीएच्या सक्तीच्या प्रशिक्षणाचे) दोन्ही कोर्स, आयटीचा आणि ओरिएंटेशनचा, करून टाक. आर्टिकलशिपला (सीएच्या हाताखालच्या उमेदवारीला) बसण्याआधी ते लागतातच. कोल्हापूर शाखेत बॅच कधी लागते ते फोन करून विचार. निकालानंतर गर्दी होते आणि मग पुण्याला जावं लागतं.

एक सावधगिरी. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू झालाय. ऑफिसमध्ये काम करणारे मित्र नवे कलम क्रमांक बोलतील, ‘करनिर्धारण वर्ष’ ऐवजी ‘कर वर्ष’ म्हणतील. ते ऐकून नोट्समधले क्रमांक खोडू नकोस. तुझ्या पेपरात १९६१ चा कायदा होता. पुन्हा द्यायची वेळ आलीच तर त्या अटेम्प्टला कोणता कायदा आणि कोणता वित्त कायदा लागू, ते इन्स्टिट्यूटच्या सूचनेत बघायचं, मग पुस्तक उघडायचं.

निकाल लागल्यावर टॅक्समध्ये अंदाजापेक्षा दहा-पंधरा मार्क कमी दिसले, तर उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मागव. मार्कांची पडताळणीही करता येते, पण ती फक्त बेरीज आणि तपासायचं राहिलेलं उत्तर एवढ्यापुरती. फेरतपासणी होत नाही. अर्जाला महिन्याची मुदत असते. ३८-३९ वर अडकलं असेल तर पडताळणी जरूर कर, ५५ च्या ठिकाणी ५२ आलेत म्हणून करू नकोस. आणि ग्रुप राहून एखाद्या पेपरात ६० पडले, तर तो पेपर पुढच्या तीन अटेम्प्टना पुन्हा न देण्याची सवलत मिळते. मात्र त्यासाठी ग्रुपचे सगळे पेपर दिलेले असावे लागतात.

आता शिरोळचा मित्र आणि त्याचा गूळ. अर्धं खरं आहे. पीक बाजारात नेण्याजोगं करायला शेतकरी सर्रास जी क्रिया करतो, तेवढ्यापुरतं उत्पन्न शेतीचंच. पण उसाला ऊस म्हणूनच बाजार आहे, आपल्याकडे तर कारखान्याची टोळी बांधावर येते. तेव्हा गुऱ्हाळात नेऊन काहील चढवली की पुढचा नफा व्यवसायाचा, आणि आयकर नियमावलीचा नियम ७ लागतो: स्वतःच्या उसाची सरासरी बाजार किंमत कच्च्या मालाचा खर्च म्हणून वजा करायची. समज घरचा ६० टन ऊस, टनाला ३,००० दर, म्हणजे १,८०,०००. ऊस पिकवायचा खर्च ९०,०००. गूळ विकून आले २,६०,०००, गुळव्याची मजुरी आणि गुऱ्हाळाचा बाकी खर्च ५०,०००. शेती उत्पन्न १,८०,००० वजा ९०,०००, म्हणजे ९०,०००. व्यवसाय उत्पन्न २,६०,००० वजा १,८०,००० वजा ५०,०००, म्हणजे ३०,०००. पहिले ९०,००० एकत्रीकरणात जातात, दुसरे ३०,००० थेट एकूण उत्पन्नात, आणि तुझ्या वरच्या गणितात ते मिळवले तर ११,९०,००० चे १२,२०,००० होऊन बारा लाखांची मर्यादा ओलांडली जाते. मित्राला म्हणावं, पेपरात गूळ आला तर “उसाला कच्च्या स्वरूपात बाजार आहे असं गृहीत धरलं आहे” ही ओळ उत्तराच्या वर लिही, मग आकडे.